शोध घेणे आणि शोध लागणे : दीर्घिका-गटांतील विरल वायूच्या संशोधनाची चिकित्सा

थळच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेस उभे राहिले असता समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. खांदेरीवर १८६७ सालापासून दीपगृह आहे. उंदेरीवर ते नाही. खांदेरीचा दिवा नेहमीपेक्षा मंद दिसू लागला, की मधल्या हवेत धुके दाटले आहे हे किनाऱ्यावरच्या कोळ्यास निराळे सांगावे लागत नाही. धुके त्याला दिसलेले नसते. दिव्याचा उणावलेला प्रकाश तेवढा दिसलेला असतो. मात्र ते धुके दिव्यानजीक आहे की किनाऱ्यानजीक, त्याचा विस्तार किती, आणि दिवा नसलेल्या उंदेरीच्या बाजूस ते आहे किंवा कसे, या प्रश्नांची उत्तरे त्या एका दिव्याच्या मंदपणात सामावलेली नसतात.

दीर्घिकांच्या गटांमध्ये पसरलेल्या अतिविरल वायूचा जो शोध गेल्या काही दशकांत जंबुपार वर्णपटाच्या साह्याने घेतला जात आहे, त्याची रीत तत्त्वतः हीच होय. येथे दिव्याची जागा दूरस्थ क्वेसार घेतो, धुक्याची जागा गटातील वायू घेतो, आणि मंदपणाऐवजी वर्णपटात विवक्षित तरंगलांबीस पडलेल्या काळ्या शोषणरेषा मोजल्या जातात. ज्योतिःशास्त्रज्ञाची स्थिती कोळ्याहून एका बाबतीत बरी आहे. शोषणरेषेच्या ताम्रच्युतीवरून शोषक वायू दृष्टिरेषेवर सुमारे किती अंतरावर आहे हे त्यास कळते. परंतु हा दिलासा गटाच्या उंबरठ्यापर्यंतच पुरतो. गटात दीर्घिका व वायू सेकंदास काहीशे किलोमीटर वेगाने इतस्ततः फिरत असतात. आणि सेकंदास ३०० किलोमीटर एवढा वेगातील फरक जर विश्वाच्या प्रसरणाचा मानला, तर तो सुमारे एक कोटी चाळीस लक्ष प्रकाशवर्षांच्या अंतराइतका भरतो, म्हणजे गटाच्या स्वतःच्या विस्ताराहून कितीतरी अधिक. तेव्हा शोषक वायू गटाच्या आत आहे, कडेला आहे, की गटाच्या पुढेमागे एखाद्या तंतूत लोंबत आहे, हे ताम्रच्युतीवरून ठरत नाही. ही अडचण उपकरण सुधारून नाहीशी होण्यासारखी नाही.

मराठीत 'शोध' हा एकच शब्द दोन कामे करतो. हरवलेल्या वस्तूचा 'शोध घेतात', आणि नव्या वस्तूचा 'शोध लागतो'. प्रयत्न आणि फलप्राप्ती या दोहोंस एकच नाम पुरते. भेद उरतो तो क्रियापदात. मराठी वाचकास हा भेद कानानेच कळतो, पण विज्ञानविषयक लेखनात तो पुष्कळदा पुसला जातो. शिवाय या दोन टोकांच्या मध्येही पायऱ्या आहेत. रेषा 'दिसते', आयन 'आढळतो', वायू 'सापडतो', आणि गटाच्या माध्यमाचा शोध 'लागतो'. प्रत्येक क्रियापद आधीच्यापेक्षा अधिक दावा करते आणि त्या अधिक दाव्यासाठी एकेक गृहीतकृत्य आत घेते. प्रस्तुत विषयावरील संशोधनाची परीक्षा करावयाची, तर कोणता निबंध या चढणीवर कोठवर गेला आणि तेथवर जाण्याचा त्यास किती अधिकार होता, हे पाहणे इष्ट ठरेल.

प्रश्न क्षुल्लक नाही. विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेपैकी शेकडा पाचच्या आसपास असलेले जे साधे द्रव्य, त्याचा जवळच्या विश्वातील जमाखर्च दीर्घकाळ जुळत नव्हता. १९९८ साली फुकुगिता, होगन आणि पीबल्स यांनी मांडलेल्या ताळेबंदात तारे व थंड वायू यांचा वाटा अल्प निघाला, आणि दीर्घिका-गटांतील तप्त वायूकडे संशयाची सुई वळली. २०१२ साली शल, स्मिथ व डॅनफर्थ यांनी जंबुपार निरीक्षणांसह फेरहिशेब केला, तेव्हाही सुमारे तीन-दशांश द्रव्याचा पत्ता लागला नव्हता. पुढे २०२० साली मॅकार्ट व सहकाऱ्यांनी क्षणिक रेडिओ-स्फोटांच्या विलंबावरून एकूण बेरीज अपेक्षेप्रमाणे असल्याचे दाखविले. द्रव्य आहे, याविषयी मग शंका उरली नाही. ते कोठे आहे, हा प्रश्न मात्र उरला. बहुसंख्य दीर्घिका, आपली आकाशगंगा धरून, गटांतच राहतात. म्हणून गटातील वायूचा हिशेब हा या प्रश्नाचा गाभा ठरतो.

कल्पनेचा उगम जुना आहे. १९५६ साली लायमन स्पिट्झर यांनी आपल्या आकाशगंगेभोवती तप्त विरल वायूचे आवरण असावे असे अनुमान केले आणि ते दिसावयाचे झाल्यास बहुआयनित मूलद्रव्यांच्या जंबुपार शोषणरेषांतच दिसेल, असेही सुचविले. त्या वेळी अशा रेषा पाहू शकेल असा एकही अवकाशस्थ दूरदर्शक नव्हता. १९६९ साली बाकॉल व स्पिट्झर यांनी क्वेसारांच्या वर्णपटातील शोषणरेषा वाटेतील दीर्घिकांच्या विस्तीर्ण प्रभामंडलांत उमटत असाव्यात असे मांडले. गटांचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९९६ साली. रोसॅट या क्ष-किरण उपग्रहास विवृत्तीय दीर्घिकांनी भरलेल्या गटांत तप्त वायू दिसला, पण सर्पिल दीर्घिकांच्या गटांत तो बहुधा दिसेना. मलचेई व सहकाऱ्यांनी त्यावर सुचविले, की सर्पिल गटांतील वायू अस्तित्वात असेल, पण क्ष-किरणांत उजळण्याइतका तप्त व दाट नसेल. त्याची निशाणी क्वेसारांच्या जंबुपार वर्णपटात ऑक्सिजनच्या रेषांच्या रूपाने मिळावी. सुंदर सूचना होती. पुढील पाव शतकाचे काम हे बहुतांशी त्या एका सूचनेची परीक्षा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ती परीक्षा जमिनीवरून होणे शक्य नव्हते. ज्या ऑक्सिजन-आयनावर सारी भिस्त, त्याच्या रेषा १०३१.९ व १०३७.६ अँगस्ट्रॉमवर पडतात, आणि हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा १२१५.७ अँगस्ट्रॉमवर. पृथ्वीचे वातावरण हे किरण खाली येऊच देत नाही. (या आयनास वर्णपटशास्त्रज्ञ 'ऑक्सिजन-सहा' म्हणतात; त्याने गमावलेले इलेक्ट्रॉन मात्र पाच असतात. उदासीन अणूस 'एक' म्हणण्याच्या जुन्या रूढीमुळे हा घोटाळा होतो आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांस तो नव्याने छळतो.) उपकरण गोंगाटापासून दूर नेल्याखेरीज निसर्गाचा क्षीण स्वर ऐकू येत नाही, हा अनुभव थळच्या परिसरास नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापने बिघडणार हे ओळखून ती मापने थळपासून काही मैलांवरील अलिबागेस हलविण्यात आली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. लक्षात घेण्याजोगे असे, की अलिबागेस उपकरणे बसविल्याबरोबर कुलाब्याची बंद केली गेली नाहीत. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून दोन जागांच्या आकड्यांतील फरक जागेचा किती हे ताडून पाहता यावे. या समांतर मोजणीचा संदर्भ पुढे पुन्हा येईल.

अवकाशात गेल्यावरही काम सोपे झाले नाही. १९९९ साली सोडलेल्या 'फ्यूज' उपग्रहाने ऑक्सिजन-सहाच्या रेषा प्रथम विपुल प्रमाणात दाखविल्या. मे २००९ मध्ये हबल दूरदर्शकावर 'कॉस' हा वर्णपटमापक बसविण्यात आला आणि क्षीण क्वेसारांचेही स्वच्छ वर्णपट मिळू लागले. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर २०१५ पासून जंबुपार दूरदर्शक आहे, व त्याने प्रतिमांच्या क्षेत्रात मोलाची कामगिरी केली आहे. परंतु त्याच्या जाळीची विभेदनक्षमता शंभराच्या घरातील, तर 'कॉस'ची पंधरा हजारांच्या वर. सेकंदास पन्नास किलोमीटर रुंदीची रेषा पहिल्यात बुडून जाते. यास्तव या विषयात काम करणाऱ्या भारतीय संशोधकांस हबलच्या खुल्या दप्तरावरच विसंबावे लागले आहे.

आता प्रत्यक्ष निबंधांकडे वळावे. २०१४ साली सॅव्हेज व सहकाऱ्यांनी चौदा तेजस्वी क्वेसारांच्या उत्कृष्ट वर्णपटांतून एक लक्ष केल्विनहून तप्त असे चौदा शोषक वेगळे काढले. हे करताना हायड्रोजनची रेषा व ऑक्सिजनची रेषा या दोहोंच्या रुंदीचा एकत्र विचार करण्यात आला. युक्ती मार्मिक आहे. उष्णतेमुळे येणारी रुंदी अणूच्या वजनावर अवलंबून असते, खळबळीमुळे येणारी नसते. हलका हायड्रोजन व त्याच्या सोळापट जड ऑक्सिजन यांच्या रुंदींची तुलना केली म्हणजे तापमान आणि खळबळ यांची फारकत होते. दोन्ही रेषा एकाच वायूच्या आहेत, एवढे मात्र मान्य करावे लागते. त्याच वर्षी स्टॉकी व सहकाऱ्यांनी या शोषकांच्या सभोवार दीर्घिकांची पाहणी केली आणि ते सर्पिल-बहुल गटांत किंवा गुच्छांच्या कडेला वसलेले दिसले. शोषक जवळच्या एकट्या दीर्घिकेचे नसून गटाचे आहेत, या मतास त्यांना दोन प्रमाण-विचलनांइतकाच आधार मिळाला. आणि नमुना लहान व पद्धतीतील अनिश्चितता मोठी असल्याने हा आधार निर्णायक नाही, असे त्यांनीच नमूद केले. तो निबंध पुढे उद्धृत होताना ही पुस्ती सोडून दिली, तर 'गटांत तप्त वायू सापडला' एवढेच हाती राहते आणि मूळ लेखकांनी न केलेला दावा त्यांच्या नावावर चढतो.

त्या कामातील खरा कच्चा दुवा निराळाच आहे, आणि तो क्रमाचा आहे. आधी शोषक हुडकले, मग त्यांच्या आसपास काय आहे ते पाहिले. दीर्घिका स्वभावतःच कळप करून राहतात. ऑक्सिजनयुक्त वायू मुळात दीर्घिकांतूनच बाहेर पडलेला असल्याने तो दीर्घिकांजवळ आढळणार, आणि दीर्घिकेजवळ बहुधा आणखी दीर्घिका असणारच. तेव्हा शोषकाजवळ गट निघाला, यावरून शोषक गटाचा ठरत नाही. खांदेरीचा दिवा मंद दिसला त्या प्रत्येक रात्री थळच्या धक्क्यावर होड्या बांधलेल्या होत्या, एवढ्यावरून धुके होड्यांचे होत नाही.

हा क्रम उलटा करण्याचे श्रेय २०२१ सालच्या मॅककेब, बरठाकुर, हेकमन आदींच्या निबंधास दिले पाहिजे. त्यांनी दीर्घिकांचे गट आधी निश्चित केले, मग ज्यांचा प्रकाश त्या गटांतून आरपार येतो असे अठरा क्वेसार घेऊन प्रत्येकाचा वर्णपट 'कॉस'ने टिपला. अठरा गट, अठरा दृष्टिरेषा. पाहणीपूर्वीच प्रश्न ठरलेला असल्यामुळे येथे 'नाही' या उत्तरासही 'आहे'इतकेच मोल आले. निष्पत्ती अशी, की हायड्रोजनबरोबर कार्बन, नायट्रोजन, सिलिकॉन यांचे निरनिराळ्या अवस्थांतील आयन अनेक रेषांत आढळले, आणि सर्वांत तप्त अवस्थेचा निदर्शक असा ऑक्सिजन-सहा अठरांपैकी आठ रेषांत आढळला. वायू ठिगळांसारखा व अनेक तापमानांचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि दहा गटांत ऑक्सिजन-सहा नसल्यावरून, गटाची पोकळी भरून टाकणारा जो मुख्य वायू, त्याचा हा आयन उत्तम निदर्शक नसावा, असेही स्पष्ट म्हटले.

या निबंधाचे मोल त्यातील आठ रेषांपेक्षा दहा रेषांत अधिक आहे. आठ रेषांनी फार तर मलचेई यांच्या सूचनेस अंशतः पुष्टी दिली असती. दहा मुक्या रेषांनी तिची मर्यादा दाखविली. त्यामागील पदार्थविज्ञान सरळ आहे. आघातजन्य आयनीभवनाच्या समतोलात ऑक्सिजन-सहाचे प्रमाण सुमारे तीन लक्ष केल्विनला सर्वाधिक असते; तेव्हा एकंदर ऑक्सिजनपैकी जवळजवळ एक-पंचमांश भाग या अवस्थेत असतो. तापमान दहा लक्ष केल्विनवर गेले, की हे प्रमाण शेकड्यात एकाहूनही खाली येते. आता एखाद्या गटातील दीर्घिकांच्या वेगांचे विचलन सेकंदास १५० किलोमीटर असेल, तर त्या गुरुत्वाकर्षणास तोलून धरणाऱ्या वायूचे तापमान सोळा लक्ष केल्विनच्या आसपास यावे. २५० असेल तर पंचेचाळीस लक्षांच्या. म्हणजे गट जितका खरा, जितका वजनदार व बांधलेला, तितका त्याचा मुख्य वायू या आयनाच्या आवाक्याबाहेर जातो. हायड्रोजनकडे वळावे, तर दहा लक्ष केल्विनला एक कोटी अणूंमागे दोन-तीनच अणू उदासीन राहतात, आणि त्यांची रेषा सेकंदास १३० किलोमीटर इतकी रुंद व अतिशय उथळ होते. क्वेसारच्या स्वतःच्या प्रकाशातील सौम्य चढउतारांपासून अशी खळगी वेगळी ओळखणे अनुभवी डोळ्यासही जड जाते.

तरीही निबंधाचे काही भाग टीकेस पात्र आहेत. आढळलेला ऑक्सिजन-सहा साधारण सव्वासहा लक्ष ते दहा लक्ष केल्विनवरील, किरणोत्सर्जनाने निवत चाललेल्या वायूशी जुळतो, असे त्यात म्हटले आहे. वाचकास हे मोजलेले तापमान वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः रेषेची रुंदी व आयनाची स्तंभ-घनता यांचा जो संबंध निवणाऱ्या वायूच्या प्रतिमानातून निघतो, त्यावर निरीक्षणांचे बिंदू बसतात एवढाच त्याचा अर्थ. दहा लक्ष केल्विनला ऑक्सिजनच्या रेषेस उष्णतेमुळे येणारी रुंदी सेकंदास ३२ किलोमीटर. रेषा त्याहून रुंद निघाली, तर उरलेली रुंदी खळबळीची, प्रवाहाची, की परस्परांत मिसळलेल्या दोन-तीन ढगांची, हे त्या आयनावरून एकट्याने कळत नाही. सॅव्हेज यांच्या कामात हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जोडी होती म्हणून तापमान काढता आले; येथे जोडीदार पुष्कळदा थंड ढगाचा निघतो. 'जुळतो' या क्रियापदाचे 'आहे' या क्रियापदात रूपांतर होऊ देता कामा नये.

आणखी एक वाट उघडी राहते, आणि तिचा संबंध पुण्याशी आहे. ऑक्सिजन-सहा तयार होण्यास उष्णताच लागते असे नाही. अतिविरल वायूवर सर्व क्वेसार व दीर्घिका यांचा मिळून जो जंबुपार प्रकाश सर्वत्र पडत असतो, त्यातील प्रखर किरणही ऑक्सिजनचे पाच इलेक्ट्रॉन उडवू शकतात. मग वायू तीन लक्षांऐवजी काही दहा हजार केल्विनचाच असेल. कोणता पर्याय खरा हे ठरविण्यास त्या पार्श्वभूमी-प्रकाशाची तीव्रता व वर्णवाटणी ठाऊक हवी, आणि ती थेट मोजता येत नाही. गणिताने उभारावी लागते. २०१४ साली कोलमायर व सहकाऱ्यांनी दाखविले, की त्या वेळी प्रचलित असलेल्या हार्ड्ट-मडाऊ प्रतिमानातील प्रकाश जवळच्या विश्वातील हायड्रोजनच्या निरीक्षणांस सुमारे पाचपट कमी पडतो. या 'पेचा'वर पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील विक्रम खैरे व आर. श्रीआनंद यांनी २०१५ साली उत्तर दिले. क्वेसारांची नवी गणना जमेस धरली असता त्यांचा प्रकाशच बहुतांश तूट भरून काढतो, असे त्यांनी दाखविले. आणि २०१९ साली पार्श्वभूमी-प्रकाशाची नवी प्रतिमाने प्रसिद्ध केली. त्यांचे वैशिष्ट्य हे, की एकच उत्तर न देता क्वेसारांच्या वर्णपटाचा उतार बदलून अनेक पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत. शोषकांचा अभ्यास करणाऱ्याने त्यांतील एकच उचलून घनतेचा आकडा द्यावा, यापेक्षा सर्व पर्यायांत तो आकडा कितीपट हलतो ते छापावे, हे अधिक प्रामाणिक होय. कारण घनता हलली की ढगाची लांबी हलते, लांबी हलली की वस्तुमान हलते, आणि ज्या ताळेबंदासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याच रकमा सरकू लागतात.

अठरा या संख्येविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. अठरांत आठ म्हणजे शेकडा चव्वेचाळीस; परंतु ढोबळ हिशेबाने या आकड्यामागे बारांचा उणे-अधिक येतो, म्हणजे खरे प्रमाण शेकडा बत्तीस असो की छप्पन, निरीक्षणास दोन्ही मानवतील. शिवाय येथे एका गटातून अठरा रेषा गेलेल्या नाहीत. अठरा निरनिराळ्या गटांतून एकेक गेली आहे. 'वायू ठिगळांसारखा आहे' हे वाक्य त्यामुळे द्वयर्थी होते. प्रत्येक गटातच ठिगळे असतील, अथवा काही गट सबंध भरलेले व काही सबंध रिते असतील. अठरा रेषांस हा भेद कळत नाही. त्यात पुन्हा 'गट' ही वस्तूही यादीतून आलेली. स्लोन सर्वेक्षणातील दीर्घिका आकाशात व ताम्रच्युतीत एकमेकींजवळ आहेत म्हणून त्यांना गट म्हटलेले असते. चार-पाच सदस्यांच्या वेगांवरून काढलेले विचलन डळमळीत असते, आणि असा एखादा गट केवळ दृष्टिरेषेवरील योगायोगही असू शकतो. म्हणून दहा मुक्या रेषांचाही अर्थ एकमुखी नाही. तेथे वायू फार तप्त असेल; किंवा त्यात धातू फार कमी असतील; किंवा तेथे गटच नसेल. पहिला अर्थ आकर्षक आहे म्हणून तो सिद्ध झाला असे समजणे, हीही 'शोध लागला' म्हणण्याची घाईच होय. निबंधाच्या लेखकांनी ती केलेली नाही. ऑक्सिजन-सहा एकतर तप्त माध्यमात नाममात्र असेल, किंवा तप्त माध्यम व थंड ढग यांच्या सीमेवर निपजत असेल, असे दोन्ही पर्याय त्यांनी खुले ठेवले आहेत.

मात्र एक तुलना झाल्याशिवाय 'गटाचा' हे षष्ठीचे रूप वापरण्याचा अधिकार मिळत नाही. २०११ साली टमलिन्सन व सहकाऱ्यांनी दाखविले आहे, की ताऱ्यांची निर्मिती चालू असलेल्या एकट्या दीर्घिकांभोवतीही सुमारे पाच लक्ष प्रकाशवर्षांपर्यंत ऑक्सिजन-सहा विपुल असतो. मग गटातील रेषेत तो आढळला, तर त्यापैकी किती जवळच्या दीर्घिकेचा आणि किती गटाचा? येथे अलिबाग-कुलाब्याची समांतर मोजणी आठवावी. तीच दीर्घिका, तेच अंतर, तेच तेज, परंतु गटात नसलेली, अशा दृष्टिरेषांचा संच गटांच्या संचाशेजारी ठेवावा लागतो. गटांतील संचात ऑक्सिजन-सहा जास्त, कमी, की तितकाच? तितकाच निघाला, तर गटाचे नाव घेण्याचे कारण उरत नाही. कमी निघाला, तर तप्त माध्यम दीर्घिकांच्या आवरणांस झिजवीत आहे असे म्हणता येईल, आणि ती अप्रत्यक्ष का होईना, त्या माध्यमाची खूणच ठरेल. जो वायू स्वतः दिसत नाही, त्याची चाहूल इतरांच्या उणिवेतून लागावी, हे या पद्धतीच्या स्वभावाशी सुसंगतच आहे.

मुख्य वायूपर्यंत पोहोचण्याचा सरळ मार्ग अधिक तप्त आयनांचा. निऑन-आठ सुमारे सात लक्ष केल्विनला भरात असतो, मॅग्नेशियम-दहा अकरा लक्षांच्या पुढे. २०१७ साली तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी, खैरे व सौगत मुझाहिद यांच्या सहभागाने, ०.६च्या आसपासच्या ताम्रच्युतीवर दोन निऑन-आठ शोषक नोंदविले. परंतु निऑन-आठच्या रेषा मुळात ७७० व ७८० अँगस्ट्रॉमवर. त्या 'कॉस'च्या पट्ट्यात येण्यास ताम्रच्युती जवळजवळ ०.५ तरी हवी, मॅग्नेशियमसाठी ०.८५च्या वर. मॅककेब यांचे गट ०.२च्या आतले, कारण त्यापलीकडे स्लोन सर्वेक्षणास गटातील ठळक सदस्यच तेवढे दिसतात. ज्या अंतरावर गट नीट ओळखू येतो, तेथे योग्य आयनाची रेषा पट्ट्यात येत नाही. जेथे रेषा येते, तेथे गट ओळखू येत नाही. परिणामी निऑन-आठच्या शोधात पुन्हा आधी शोषक आणि मागाहून शेजार, हाच २०१४ सालचा क्रम पत्करावा लागतो. तो उलटविण्यासाठी निवडलेल्या क्वेसारांभोवती मोठ्या दूरदर्शकांनी मंद दीर्घिकांच्या ताम्रच्युती आधीच मोजून गटांची यादी बंद करावी लागेल, वर्णपट त्यानंतर उघडावे लागतील, आणि ज्या रेषांत काहीच आढळले नाही त्यांच्या वरच्या मर्यादा आढळलेल्या रेषांच्याच कोष्टकात, त्याच टंकात छापाव्या लागतील.